अहवाल अचूक, पाय मात्र गेला

तीन वर्षांपूर्वीच्या गळीत हंगामातील ही हकीकत आहे. बीड जिल्ह्यातून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडणीला आलेल्या एका टोळीतील पस्तिशीचा कामगार, फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढताना तिच्याखाली सापडला. ट्रॉली कलंडली ती त्याच्या उजव्या गुडघ्यावर. गुडघा सांध्यातून निखळला. सायंकाळचे सहा वाजून गेले होते. मुकादमाने जीप मिळवली आणि आठच्या सुमारास त्याला ग्रामीण रुग्णालयात आणले. तेथील तरुण डॉक्टराने सांधा ओढून जागेवर बसवला, पायाला फळी बांधली, पावलावर व घोट्यामागे बोटे ठेवून नाडी शोधली आणि पुढच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत दोनच ओळी होत्या : पाऊल गार आहे, नाडी लागत नाही, धमनीला इजा झाली असावी, तातडीने पाठवीत आहे.

साडेनऊला ते जिल्ह्याच्या गावी पोचले. ती चिठ्ठी कोणी नीट वाचली की नाही हे सांगता येत नाही. परंतु केसपेपरवर जो शेरा मारला गेला तो आम्ही स्वतः पाहिला आहे : 'सीटी अँजिओग्राफी करून आणणे.' यंत्र त्याच इमारतीत होते. परंतु ते सरकारचे नव्हते, कंत्राटदाराचे होते, आणि रात्रपाळीचा तंत्रज्ञ त्या दिवशी आलेला नव्हता. सकाळी नऊला या, असे सांगण्यात आले. मुकादमाने खाजगी केंद्र गाठले. तेथे अनामत रकमेवरून पाऊण तास गेला. पावणेबाराला चित्रण झाले, एक वाजता अहवाल हाती पडला. अहवाल सुवाच्य टंकलिखित होता आणि त्यात एकही चूक नव्हती : गुडघ्यामागील धमनी सांध्याच्या पातळीवर एकाएकी बंद झालेली असून त्याखाली रंगद्रव्य पोचत नाही. तो अहवाल घेऊन मंडळी परत जिल्हा रुग्णालयात आली तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, धमनी जोडणारा सर्जन येथे नाही, मोठ्या शहरात न्या. शहरातल्या शस्त्रक्रियागृहात तो माणूस पहाटे पाचनंतर पोचला. पोटरीचे स्नायू तोवर राखी रंगाचे झाले होते. धमनी जोडली गेली, परंतु जोडण्याजोगे खाली काही उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी पाय मांडीतून कापावा लागला.

आठ वाजता ग्रामीण रुग्णालयातील एका डॉक्टराच्या दोन बोटांनी जे सांगितले तेच रात्री एक वाजता एका अत्यंत महागड्या यंत्राने सांगितले. मधले पाच तास कोणी खाल्ले, हा या लेखाचा विषय आहे.

विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही वैद्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो आम्हांस मान्य नाही. धरणाच्या भिंतीची जाडी किती असावी हे अभियंत्याने ठरवावे. परंतु पाणी कोणाच्या शेतात जावे हे ज्याचे शेत आहे त्यानेही विचारले पाहिजे. तसेच हे आहे. आणि या प्रश्नातील वैद्यकीय भाग इतका उघड आहे की, तो समजून घेण्यास कोणत्याही सुबुद्ध वाचकाला दहा मिनिटे पुरतील.

गुडघ्यामागून जाणारी धमनी वरच्या बाजूस मांडीच्या स्नायूच्या फटीपाशी आणि खालच्या बाजूस पोटरीच्या स्नायूच्या कमानीपाशी अशी दोन ठिकाणी जखडलेली असते. दोन खुंट्यांना ताणून बांधलेल्या दोरीसारखी तिची अवस्था असते. मधला सांधा निखळला की दोरी ताणली जाते. कधी ती तुटते. पुष्कळदा बाहेरून शाबूत दिसते, पण आतले अस्तर फाटते, त्या फाटलेल्या अस्तरावर रक्त गोठते आणि वाट बंद होते. हे गोठणे काही वेळा लगेच होत नाही, काही तासांनी होते. म्हणून पहिल्या तपासणीत नाडी लागली तरी तासातासाने पुन्हा पाहावे लागते. रक्त बंद झाल्यापासून सुमारे सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. मज्जातंतू त्याआधीच कुरकुरू लागतात, म्हणून पाऊल बधिर होते. या सहा तासांची मोजणी इजा झाल्या क्षणी सुरू होते. रुग्णालयाच्या खिडकीवर नोंद झाली त्या वेळेपासून ती धरण्याची सवलत निसर्गाने कोणत्याही खात्याला दिलेली नाही.

आता इतिहासाकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील २,४७१ धमनी-जखमांचा हिशेब डीबेकी आणि सिमिऑन या दोन शल्यचिकित्सकांनी १९४६ साली मांडला. त्या काळी धमनी जोडण्याची सोय आघाडीवर क्वचितच होती. बहुधा ती बांधून रक्तस्राव थांबवीत. गुडघ्यामागील धमनीच्या जखमेत शंभरांतील बहात्तर पाय कापावे लागले. पुढे कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरने उचलून आघाडीजवळच्या शस्त्रक्रियागृहात नेण्यात येऊ लागले आणि धमनी बांधण्याऐवजी जोडण्यात येऊ लागली. तेव्हा हातापायांच्या धमनी-जखमांत अवयव गमावण्याचे एकूण प्रमाण शेकडा तेराच्या आसपास आले. हा फरक कशाने पडला? कोरियात सीटी यंत्र नव्हते. ते जगात कोठेच नव्हते. पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी चित्रण लंडनजवळ विंबल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मोर्ले रुग्णालयात १९७१ साली झाले. कोरियात पाय वाचले ते वेळ वाचल्यामुळे आणि धमनी शिवणारा हात वेळेवर जागेवर असल्यामुळे. सैनिकाच्या पायाची किंमत राज्यसंस्थेला कळते. ऊस तोडणाऱ्याच्या पायाची अजून कळायची आहे.

धमनी शिवण्याची कला आली कोठून, हेही येथे जाता जाता सांगण्यासारखे आहे. फ्रान्समधील लिऑन हे रेशमाच्या विणकरांचे शहर. तेथील अलेक्सिस कॅरेल या तरुण सर्जनाने १९०२ च्या सुमारास रक्तवाहिन्या टाक्यांनी जोडण्याची पद्धत बसवली आणि त्यासाठी त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बारीक सुई आणि बारीक धागा हाताळण्याचे धडे त्याने शहरातील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून घेतले होते, असे सांगतात. कॅरेलची पुढची मते अत्यंत तिरस्करणीय होती. त्याची भलामण करण्याचे कारण नाही. परंतु एका कष्टकरी स्त्रीच्या बोटांतील कसब आज जगातल्या प्रत्येक धमनी-शस्त्रक्रियेत वावरते आहे, हे कळले की शास्त्र हे केवळ बड्यांचे असते हा भ्रम दूर होण्यास मदत होते.

येथवर वाचून आमचे काही मित्र खूश होतील. यंत्र म्हटले की भुवया उंचावणारी एक परंपरा आमच्या चळवळीत आहे. त्यांचे म्हणणे असे की, सीटी अँजिओग्राफी हे श्रीमंती देशांचे खूळ आहे. गरीब देशाला डॉक्टराची बोटे पुरेत. कोट्यवधींचे यंत्र घेण्यापेक्षा प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधे द्या. या मित्रांविषयी आदर बाळगूनही त्यांच्याशी असलेला मतभेद स्पष्ट मांडणे आम्हांस अवश्य वाटते. त्यांचा हा युक्तिवाद ऐकायला गरिबांच्या बाजूचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होतो की, मुंबईच्या उद्योगपतीच्या पायाची धमनी यंत्राने पाहावी आणि माजलगावच्या कामगाराची अंदाजाने.

हे यंत्र खरोखरच उपयोगी आहे. ज्या दिवसांत ते नव्हते त्या दिवसांत शंकास्पद जखमेचा छडा लावण्यासाठी जांघेतील धमनीत सुई घालून, नळी सरकवून, रंगद्रव्य सोडून क्ष-किरण छायाचित्रे घ्यावी लागत. ते करणारा तज्ज्ञ घरून बोलवावा लागे, त्याच्या मदतनिसांचा ताफा जमवावा लागे आणि त्यात तास न् तास जात. शिवाय जिथे नळी घातली त्या धमनीला इजा होण्याचा धोका वेगळा. आता दंडाच्या शिरेत सुई लावून साधारण शंभर मिलिलिटर आयोडीनयुक्त रंगद्रव्य सोडले की, टेबल सरकते आणि एका मिनिटाच्या आत पोटापासून पायाच्या बोटांपर्यंतचा धमनीचा सगळा वृक्ष पडद्यावर उभा राहतो. कोठे फाटली आहे, कोठे बंद आहे, कोठे बाहेर गळते आहे, हाडाचा तुकडा तिच्यात घुसला आहे काय, हे सारे दिसते. त्याच फेरीत डोके, छाती आणि पोटही पाहून होते. अपघातातील रुग्णाला क्वचितच एकच जखम असते.

आणि श्रीमंती खुळाविषयी म्हणाल तर, हातापायांच्या जखमांत सीटीने धमनी पाहणे पुरेसे विश्वसनीय आहे हे दाखवून देण्याच्या कामात ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत कोलंबियातील मेदेयिन शहरातले डॉक्टर होते. बंदुकीच्या जखमांची त्या शहरात कमतरता नव्हती. नळीने केलेल्या जुन्या चित्रणाशी सीटीची तुलना करून त्यांनी आपले निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध केले. एका सेकंदात अनेक काप घेणारी यंत्रे आल्यावर अमेरिकेतही तेच निष्कर्ष अधिक ठामपणे निघाले. खुद्द यंत्राच्या जन्माची कथाही ऐकण्यासारखी आहे. हाउन्सफील्ड ज्या कंपनीत काम करीत होता ती ध्वनिमुद्रिका काढणारी कंपनी. म्हणून बीटल्स मंडळींच्या गाण्यांच्या पैशांतून सीटी यंत्र निघाले, अशी एक गोड कथा प्रचलित आहे. प्रत्यक्षात त्या प्रयोगांमागे ब्रिटनच्या सरकारी आरोग्य खात्याचा पैसा कंपनीच्या पैशापेक्षा अधिक होता. लोकांच्या पैशातून निघालेले यंत्र लोकांना मिळाले पाहिजे, एवढी साधी ही मागणी आहे. तिला यंत्रद्वेषाचा वास येऊ देऊ नये.

मग आमची तक्रार कोणती? ती अशी की, जे यंत्र शंका फेडण्यासाठी आहे ते आपल्याकडे नाका बनले आहे. जकात भरल्याखेरीज गाडी पुढे सोडायची नाही, तसा सीटीचा कागद दाखवल्याखेरीज रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढू द्यायचा नाही.

वैद्यकशास्त्राने याबाबत जे सांगितले आहे त्यात संदिग्धता नाही. जखमेतून रक्ताची चिळकांडी उडत असेल, सूज डोळ्यांदेखत वाढत असेल, जखमेवर हात ठेवला असता थरथर जाणवत असेल, अथवा पाऊल गार, पांढरे, बधिर होऊन नाडी नाहीशी झाली असेल, तर धमनीला इजा आहे हे ठरले. अशा रुग्णाला थेट शस्त्रक्रियागृहात न्यावे. निखळलेला सांधा आधी जागेवर बसवून पाहावा. त्याने नाडी परत आली तर उत्तम, न आली तर थांबू नये. एकाच पायात दोन-तीन ठिकाणी हाडे मोडली असतील किंवा छऱ्यांच्या बंदुकीने चाळण झाली असेल, म्हणजे नेमके कोठे उघडावे हेच कळत नसेल, तर आणि यंत्र हाताशी असेल तर, सीटी जरूर करावी. पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच एक सुई टोचून रंगद्रव्याचे चित्र घेता येते. ऊसतोडणी कामगाराच्या बाबतीत जागा ठाऊक होती : गुडघा. अवस्था ठाऊक होती : नाडी नाही. यंत्राला विचारण्यासारखा एकही प्रश्न शिल्लक नव्हता.

खरा प्रश्न पडतो तो मधल्या रुग्णांच्या बाबतीत. जखम धमनीच्या वाटेवर आहे, नाडी लागते पण क्षीण लागते, गुडघा निखळला होता पण आता पाऊल उबदार आहे. येथे काय करावे? येथे एक अत्यंत साधी परीक्षा आहे. रक्तदाबाचा पट्टा घोट्यावर बांधून, हातात धरायच्या लहानशा डॉपलर यंत्राने तेथील दाब मोजावा; दंडावरचा दाब मोजावा; पहिल्याला दुसऱ्याने भागावे. भागाकार ०.९ पेक्षा कमी आला तर धमनीला इजा असण्याची दाट शंका घ्यावी, आणि मग सीटी करावी. हा दंडक १९९१ पासून ग्रंथांत आहे. गुडघा निखळलेल्या अडतीस रुग्णांची एक तपासणी अमेरिकेत झाली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली : अकरा जणांचा भागाकार ०.९ च्या खाली होता, त्या अकराही जणांना धमनीची शस्त्रक्रिया लागली. उरलेल्या सत्तावीस जणांपैकी एकालाही लागली नाही. अडतीस हा आकडा लहान आहे हे मान्य. वृद्धांच्या धमन्या कडक झालेल्या असतात, त्यांच्यात ही परीक्षा फसू शकते, हेही मान्य. परंतु काही मिनिटांत, खाटेशेजारी, परिचारिकेलाही करता येणारी आणि यंत्राच्या किमतीच्या नखाएवढ्या खर्चाची ही परीक्षा आपल्या किती ग्रामीण रुग्णालयांत होते? वाचकांनी आपापल्या तालुक्याच्या ठिकाणी जाऊन डॉपलर कोठे ठेवला आहे एवढेच विचारावे. बहुतेक ठिकाणी तो असलाच तर प्रसूतिकक्षात गर्भाचे ठोके ऐकण्यासाठी असतो, आणि अपघात विभागाला त्याचा पत्ताही नसतो.

ही साधी परीक्षा का होत नाही आणि महागडी का होते, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात शोधून सापडणार नाही. ते हिशेबाच्या वहीत सापडेल. नाडीवर बोट ठेवण्याबद्दल कोणाला बिल लावता येत नाही. घोट्याचा दाब मोजण्याला कोणत्याही विमा योजनेत दर नाही. चित्रणाला मात्र दर आहे. सार्वजनिक-खाजगी भागीदारी या गोंडस नावाखाली सरकारी रुग्णालयाच्या जागेत, सरकारी विजेवर, कंत्राटदाराचे यंत्र चालते तेव्हा त्याला प्रत्येक चित्रणामागे पैसे मिळतात. त्यामुळे चित्रणांची संख्या वाढावी यात त्याचे हित आहे. ती रात्री दोन वाजता, एकाच रुग्णासाठी, पगारी तंत्रज्ञ जागा ठेवून व्हावीत यात त्याचे हित नाही, तोटा आहे. म्हणून दिवसा पाठदुखीच्या रुग्णांची रांग लागते आणि रात्री कुलूप असते. अपघात मात्र रात्रीचे होतात. गळीत हंगामात तर ट्रॉल्या रात्रभर वाहतात.

दुसरे कारण डॉक्टरांच्या भीतीचे आहे, आणि तिच्याविषयी आम्ही सहानुभूतीने बोलू इच्छितो. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. निर्णय योग्यच होता. परंतु तेव्हापासून कागद हे डॉक्टराचे चिलखत बनले. बोटांना जे कळले त्याचा पुरावा न्यायालयात दाखवता येत नाही. फिल्म दाखवता येते. जिल्हा रुग्णालयातील त्या रात्रीच्या डॉक्टराने सीटीचा शेरा मारला तेव्हा तो कदाचित स्वतःला वाचवीत होता. आपल्या मागे खाते उभे राहील असा त्याला विश्वास असता तर त्याने तो शेरा मारला नसता. त्या एकाच माणसाला सुळावर चढवून हा प्रश्न सुटणार नाही. ज्या खात्याने 'अशी लक्षणे असतील तर चित्रणासाठी थांबू नये' असा दोन ओळींचा लेखी आदेश काढून त्याच्या टेबलावर लावलेला नाही, ते खाते जबाबदार आहे.

शिवाय आणखी एक छोटी गोष्ट, जिच्यात अशी कित्येक प्रकरणे अडकतात : रंगद्रव्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल मागतात. सावकाशीच्या तपासणीत हे योग्यच आहे. परंतु पाय मरत असताना प्रयोगशाळेच्या अहवालासाठी तासभर थांबणे हा सोवळ्याचा प्रकार आहे.

कायद्याची बाजू पाहिली तर मन अधिकच खिन्न होते. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर धावत्या गाडीतून पडून डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. कोठे खाट नव्हती, कोठे सीटी यंत्र नव्हते. अखेर खाजगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले. त्याची शेतमजूर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमाने दिलेल्या जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. जिल्हा पातळीवर गंभीर रुग्णांच्या उपचारांची सोय वाढवावी, असेही त्याने सांगितले. या गोष्टीला तीन दशके होत आली. तेव्हा यंत्र नव्हते म्हणून मजूर परत गेला. आता यंत्र आहे म्हणून थांबून राहतो. प्रगती म्हणायची तर ही.

त्यानंतर २०१९ साली मोटार वाहन कायद्यात 'सुवर्णकाळा'ची व्याख्या आली आणि मे २०२५ मध्ये रस्ते-अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांची विनामूल्य उपचार योजना केंद्र सरकारने अधिसूचित केली. योजनेचे आम्ही स्वागत करतो. परंतु व्याख्या वाचावी. इजेनंतरचा एक तास, ज्यात त्वरित उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, तो सुवर्णकाळ. मृत्यू टळला की कायद्याचे काम संपले. पाय, हात, कमाई यांचा त्यात उल्लेख नाही. केंद्राच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. त्या जखमींपैकी किती जणांचे पाय धमनी वेळेत न जोडल्यामुळे गेले, याला अहवालात रकाना नाही. जे मोजले जात नाही त्याबद्दल विधिमंडळात प्रश्नही विचारता येत नाही.

पाय जाणे म्हणजे काय, हे पांढरपेशा वाचकाला कदाचित लगेच कळणार नाही. कचेरीत बसणारा माणूस कृत्रिम पायावर पुष्कळसे पूर्वीचे आयुष्य जगू शकतो. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात मांडीच्या मध्याखालून पाय गेल्यास कमाईची हानी शेकडा साठ धरली होती. उसाच्या फडात साठ टक्के माणूस चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच एका सुताराच्या प्रकरणात सांगितले होते की, हात गेलेला सुतार सुतारकाम करू शकत नाही, म्हणून त्याची हानी शंभर टक्के धरली पाहिजे. परंतु तिथवर पोचण्यासाठी मालक कोण हे सिद्ध करावे लागते. आणि टोळीत कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. ऊसतोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्या एका कोयत्यावर उचल मिळते. या माणसाचा पाय गेला तेव्हा हंगामाची निम्मी उचल फिटायची होती. ती माफ झाली नाही. पुढच्या वर्षी त्याची बायको अर्धा कोयता म्हणून गेली. मुलगा सातवीतून निघून तिच्याबरोबर मोळ्या बांधायला गेला. हा खर्च कोणत्या कंत्राटाच्या ताळेबंदात दाखवायचा?

आता आमच्या म्हणण्यावर आरोग्य खात्याकडून येणारे उत्तर आम्हांला ठाऊक आहे, म्हणून त्याचाच विचार करून लेख आटोपता घेतो. ते म्हणतील, सीटी न करता थेट शस्त्रक्रिया करायची म्हटली तरी करणार कोण? धमनी-शल्यचिकित्सक जिल्ह्यात नाहीत. ते मोठ्या शहरांत, आणि तेथेही बहुधा खाजगी रुग्णालयांत. हे खरे आहे. परंतु ते खरे असल्यामुळे तर त्या रात्रीचा शेरा अधिकच अक्षम्य ठरतो. सर्जन येथे नाही हे साडेनऊ वाजता ठाऊक होते की एक वाजता कळले? साडेनऊलाच रुग्णवाहिका पुढे सोडली असती तर रुग्ण दीडच्या सुमारास टेबलावर असता. सहा तास तेव्हाही उलटलेच असते. पण सात तास आणि अकरा तास यांत फरक असतो, आणि तो फरक कित्येकदा एका पायाएवढा असतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, धमनी कायमची जोडता येत नसली तरी जिल्ह्यातला सामान्य सर्जन पाय तगवून धरू शकतो. तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांत निर्जंतुक नळीचा तुकडा बसवून, धाग्याने बांधून रक्त तात्पुरते चालू करता येते. खास नळी नसेल तर रुग्णालयात सहज मिळणारी साधी पोषणनळी त्या कामी वापरल्याची उदाहरणे आहेत. पोटरीच्या स्नायूंवरची आवरणे लांब छेद देऊन मोकळी केली की आतला दाब उतरतो आणि स्नायू गुदमरत नाहीत. मग शांतपणे शहरात पाठवावे. तेथे दुसऱ्या पायातील शीर काढून, उलटी करून, जोड देता येतो. शीर उलटी करतात कारण तिच्यात रक्त एकाच दिशेने सोडणाऱ्या झडपा असतात. हे शिकवण्यासाठी परदेशी तज्ज्ञांचे शिष्टमंडळ लागत नाही. आपल्याच वैद्यकीय महाविद्यालयांत सहा आठवड्यांची पाळी लावून प्रत्येक जिल्ह्याच्या दोन सर्जनांना ते शिकवता येईल. वाटेल त्या उद्घाटनासाठी त्यांची कामे थांबवता येतात, तर यासाठीही येतील.

आणि यंत्र? ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सरकारच्या मालकीचे हवे, चोवीस तास चालू हवे, त्याचे तंत्रज्ञ कायम पगारी हवेत, रंगद्रव्याचा साठा औषधभांडाराच्या अत्यावश्यक यादीत हवा, आणि अपघाताच्या रुग्णाकडून अनामत मागणे हा शिस्तभंग समजला जावा. जेथे कंत्राटे चालू आहेत तेथे रात्रपाळीचा तंत्रज्ञ गैरहजर असल्यास दर तासाला दंड, ही अट नूतनीकरणाच्या वेळी घालता येते. ती घातलेली नसेल तर का घातली नाही, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. ऊसपट्ट्यातील साथींनी आपापल्या जिल्ह्यातील कंत्राटाची प्रत मागवावी. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. पुढचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होईल, आणि उत्तर देण्यास खात्याला तीस दिवसांची मुदत असते. तेव्हा अर्ज दसऱ्याआधी गेला पाहिजे.